वापरा, पण वारस होऊ नका

चौक-उत्तनकडे जमीन पाहायला गेलेला माणूस आधी सातबारा बघतो. त्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर जमीन वारसाच्या नावावर चढते, पण परवानगीशिवाय विकता येत नाही. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ‘फायनल’ क्लासचं नेमकं उलट: वापरायला कुणालाही मोकळा, वारस मात्र लागू शकत नाही.

ही बंदी सुरुवातीला वेगळ्या रूपात होती. ऑस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत क्लासला वारसा दिला, तेव्हा ‘व्हर्च्युअल’ असं लिहिलेलीच मेथड वारसाला बदलता येई. स्मॉलटॉकनं दारं सताड उघडली. सी प्लस प्लसनं सिम्युलाचा शब्द आणि शिस्त दोन्ही उचलली. १९९६ साली आलेल्या जावानं नियम फिरवला: सगळं बदलता येईल, नको असेल तिथं ‘फायनल’ लिहा.

जावाचा स्ट्रिंग क्लास फायनल आहे, आणि ते योग्यच. फाइलचं नाव तपासलं आणि उघडेपर्यंत कुणा वारसानं ते बदललं, तर तपासणीला अर्थ काय उरला? पण इतरत्र हात सैल सुटला. स्टॅकमध्ये वस्तू फक्त वरूनच घालायची-काढायची; पण त्याला व्हेक्टरचा वारस केलं, त्यामुळे स्टॅकच्या मधोमधही वस्तू घुसवता येते. मग तो स्टॅक कसला?

जोशुआ ब्लॉक यांनी २००१ च्या ‘इफेक्टिव्ह जावा’त दिलेलं उदाहरण तर झोंबणारं आहे. आलेल्या वस्तू मोजणारा हॅशसेटचा वारस बनवला, एका दमात तीन वस्तू घातल्या. मोजणी आली सहा. कारण हॅशसेटची ‘ॲडऑल’ आतून ‘ॲड’लाच बोलावते, आणि वारस दोन्हीकडे मोजतो. वारशासाठी नीट आखणी करून ती लिहून ठेवा, नाहीतर वारसा बंद करा, असं ब्लॉक यांचं म्हणणं.

व्हेरिएबलवरचं ‘फायनल’ निराळं. यादी फायनल केली तरी आतल्या नोंदी बदलतातच. नवशिके इथं हमखास फसतात.

सी शार्पनं ‘सील्ड’ आणलं, सी प्लस प्लसला ‘फायनल’ २०११ मध्ये मिळालं. २०१६ च्या कोटलिननं क्लास मुळातच बंद ठेवला. वारस हवा तर ‘ओपन’ लिहा. स्प्रिंग हे फ्रेमवर्क वापरणाऱ्यांची पंचाईत झाली, कारण स्प्रिंग चालू प्रोग्रॅममध्ये आपल्या क्लासचे वारस तयार करतं. मग असे क्लास आपोआप उघडणारं प्लगइन आलं. २०२१ च्या जावा १७ मध्ये ‘सील्ड’ क्लास आपल्या वारसांची नावंच लिहून देऊ लागला.

माझा कौल कोटलिनला. बंद क्लास उद्या उघडता येतो; उघडा क्लास बंद केला की कुणाचा तरी चालता कोड मोडतो.