लायसीन (वराहपिल्लांच्या आहारातील)

लायसीन : प्रथिने घडवणाऱ्या आवश्यक अमिनो आम्लांपैकी एक. डुकराचे शरीर ते तयार करू शकत नाही. ते खाण्यातूनच मिळावे लागते. धान्यावर पोसलेल्या पिल्लांना सहसा सर्वांत आधी कमी पडते ते हेच. म्हणून त्याला पहिले मर्यादक अमिनो आम्ल म्हणतात.

शिंप्याकडे कापडाचा तागा आहे, पण गुंड्या पाच सदऱ्यांपुरत्याच. सदरे पाचच होणार. पिल्लाच्या अंगी मांस धरते ते याच हिशेबाने; लायसीन म्हणजे त्या गुंड्या. उरलेली अमिनो आम्ले साठून राहत नाहीत. यकृत त्यांतल्या नायट्रोजनचा युरिया करते, तो लघवीतून जातो, शेडमध्ये त्याचा अमोनिया होतो आणि वास नाकाला झोंबतो. नवी मुंबईसारख्या दाट वस्तीलगत शेजाऱ्यांची पहिली तक्रार या वासाचीच असणार.

शहरांलगत डुकरे अनेकदा हॉटेलांच्या खरकट्यावर वाढतात. वाशीच्या दाणा बाजारातला तांदूळ आणि तूरडाळ एकाच ताटात आली, तर जोडी चांगली जमते : डाळीत लायसीन भरपूर व मेथिओनीन कमी, भातात नेमके उलटे. खरकट्यात मात्र आज नुसता भात, उद्या पाव. मोठे डुक्कर त्यावर तग धरते. नुकतेच दूध तुटलेले पिल्लू खुरटते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१२ च्या कोष्टकात ५ ते ७ किलोच्या पिल्लाच्या खाद्यात पचण्याजोगे लायसीन १.५० टक्के, तर ११ ते २५ किलोच्या पिल्लाच्या खाद्यात १.२३ टक्के धरले आहे. आता १०० किलो मिश्रणात ७० किलो मका आणि २७ किलो सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) घेतली, तर पचण्याजोगे लायसीन भरते जेमतेम ८३० ग्रॅम. १.२३ टक्क्यांच्या हिशेबाने तूट ४०० ग्रॅमची. ती सुमारे अर्धा किलो लायसीन हायड्रोक्लोराइडने भरून निघते. पण ही गुंडी पुरली की दुसरी कमी पडते, म्हणून लायसीन १०० मानून बाकीची प्रमाणे ठरवतात : थ्रिओनीन ६० च्या आसपास, मेथिओनीन व सिस्टीन मिळून ५५ ते ६०, ट्रिप्टोफॅन १६ ते २०. अशा प्रमाणांची ‘आदर्श प्रथिन’ ही कल्पना डुकरांच्या आहारासाठी ब्रिटिश कृषी संशोधन परिषदेने १९८१ मध्ये पुढे आणली. तिच्या आधारे सोया कमी करता येते. दूध तुटल्यानंतरची हगवणही आटोक्यात राहायला मदत होते.

लायसीन हायड्रोक्लोराइडची ही पांढरी भुकटी येते जिवाणूंकडून. १९५६ च्या सुमारास जपानमध्ये शुकुओ किनोशिता यांना ग्लुटामिक आम्ल बनवणारा जिवाणू सापडला आणि पुढे त्याच्याच उत्परिवर्तित वाणांनी लायसीन दिले. त्यांचे एक खाद्य म्हणजे उसाची मळी, जी महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून मुख्यतः मद्यार्काकडे वळते. परदेशी लायसीन मात्र न्हावा शेवा बंदरात कंटेनरमधून उतरते.

अर्धा किलो भुकटी थेट क्विंटलभर खाद्यावर टाकली, तर एका पाटीत सगळी आणि दुसरीत काहीच नाही. म्हणून ती आधी चार-पाच किलो भरड्या मक्यात कालवतात आणि मग ते कालवण मोठ्या ढिगात मिसळतात.