मद्यत्यागजन्य कंपोन्माद: कारणमीमांसेचा इतिहास

दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्याने मद्य एकाएकी सोडले असता कंप, भ्रम व झटके का उद्भवतात? इंग्रज वैद्य थॉमस सटन यांनी १८१३ मध्ये या विकारास 'डिलिरियम ट्रेमेन्स' ही संज्ञा दिली. तथापि त्याचे कारण मद्याचे विष की मद्याचा अभाव, हा वाद शतकाहून अधिक काळ चालला. हॅरिस इझबेल व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे कैद्यांवर केलेल्या प्रयोगाने अभावाच्या बाजूने कौल दिला. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणारा नाही.

त्यामागील यंत्रणा पुढे उलगडली. मद्य 'गाबा' या शामक चेतापारेषकाचा प्रभाव वाढविते. ते उत्तेजक ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहींना रोखते, हे डेव्हिड लव्हिंजर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखविले. सततच्या मद्यपानाशी मेंदू जुळवून घेतो: गाबाचा प्रतिसाद मंदावतो, ग्लुटामेटचा वाढतो. मद्य थांबताच ही उत्तेजना अनिर्बंध होते.

सारांश, हा उन्माद दुबळ्या इच्छाशक्तीचा पुरावा नसून चेतासंस्थेच्या ढळलेल्या समतोलाचा परिणाम होय. केवळ निर्धाराच्या बळावर केलेला आकस्मिक मद्यत्याग जिवावर बेतू शकतो. म्हणून व्यसनमुक्तीचा उपदेश करणाऱ्यांनी वैद्यकीय देखरेखीचाही आग्रह धरणे अगत्याचे आहे.