यंत्रमानवाचे पाठभेद

'रोबो' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो एका नाटकातून जगभर गेला, हे सहसा लक्षात राहत नाही. कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे चेक नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये प्रागच्या रंगभूमीवर आले. शब्द सुचवला तो त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी कुळाने सक्तीने करावयाचे काम. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : वेठ. चापेकांच्या नाटकातील वेठबिगार धन्यांविरुद्ध बंड करून उठतात. पुढे त्याच नावाची खेळणी निघाली तेव्हा बंड गळून पडले आणि चाकरी तेवढी उरली.

अशाच एका खेळण्याचा, आणि त्याच्या पोटात आज बसवल्या जाणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनिक सामग्रीचा विचार येथे करायचा आहे. हा हौशी तंत्रज्ञांचा उद्योग वाङ्मयाच्या अभ्यासकाला परका वाटेल. पण त्यातून उभा राहणारा प्रश्न आपल्या चांगलाच ओळखीचा आहे : जुन्या संहितेत नव्या हाताने किती आणि कसा हस्तक्षेप करावा?

खेळण्यातल्या यंत्रमानवाचा इतिहास प्रामुख्याने युद्धोत्तर जपानमध्ये घडला. १९४५ च्या अखेरीस मात्सुझो कोसुगे या कारागिराने टाकाऊ डब्यांच्या पत्र्यापासून छोट्या जीपगाड्या बनवल्या, आणि भग्न देशातील खेळण्यांचा धंदा पुन्हा उभा राहू लागला. १९५० च्या दशकात त्याच पत्र्यातून यंत्रमानव बाहेर पडले. १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटातील रॉबीची छाप त्यांतील अनेकांवर दिसते. ही खेळणी किल्लीवर चालत किंवा बॅटरीवर. त्यांची चाल दातेरी चाकांत कायमची कोरलेली असे. त्यांना स्वभाव होता, स्मृती नव्हती. शिवाय त्यांची घडणच हस्तक्षेपाला विरोध करणारी होती. पत्र्याच्या जिभा खाचेत घालून दुमडलेल्या असत. उघडण्यासाठी जीभ सरळ केली की ती कमजोर होते आणि दोनचार वेळा वाकवली की तुटते. प्रत्येक दुरुस्ती वस्तूचे थोडे आयुष्य खाते.

स्मृती आली ती १९८० च्या दशकात. घरगुती संगणकांची लाट उसळली होती आणि आता घरगुती यंत्रमानव येणार, अशी अनेकांची खात्री होती. अमेरिकेत १९८२ साली 'हीथकिट' कंपनीने 'हिरो १' हा यंत्रमानव आणला. त्याचे सुटे भाग घेऊन तो स्वतः जोडताही येत असे. 'अटारी'चे संस्थापक नोलन बुशनेल यांनीही याच सुमारास यंत्रमानवांसाठी वेगळी कंपनी काढली. जपानच्या 'टोमी' कंपनीने १९८४ साली आणलेला 'ऑम्निबॉट' मात्र उघडउघड खेळणे होता : प्लास्टिकचे अंग, उजळणारे डोळे, खाण्यापिण्याच्या वस्तू ठेवायला ट्रे, आणि छातीत चक्क एक कॅसेट टेपरेकॉर्डर.

हा टेपरेकॉर्डर केवळ गाण्यांसाठी नव्हता. रिमोटने यंत्रमानवाला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे नेताना त्या आज्ञांचे संकेत फितीवर मुद्रित करता येत. फीत पुन्हा लावली की तो तीच वाटचाल जशीच्या तशी करी. अंगातल्या घड्याळावर वेळ लावून ठेवली तर ठरल्या वेळी आपणहून निघे. त्याच फितीवर आपला आवाजही भरता येई.

या योजनेत एक गोष्ट विलक्षण आहे. ऑम्निबॉटला परिसराचे कसलेही ज्ञान नव्हते. दाराशी कोणी खुर्ची सरकवून ठेवली की तो तिच्यावर जाऊन आदळे, कारण त्याच्या लेखी खोली म्हणजे फितीवरच्या आज्ञांचा क्रम. तो आंधळा होता, पण त्याला पाठांतर होते. आणि जे पाठ होते ते कारखान्याने घातलेले नव्हते. एखाद्या मुलाने आपल्या घरात, स्वयंपाकघरापासून कोचापर्यंत, त्याला एकदा हाताला धरून चालवावे तसे चालवलेले असे. आज एखाद्या जुन्या ऑम्निबॉटच्या छातीत मूळ फीत सापडली, तर तीवर चाळीस वर्षांपूर्वीच्या कोणा घराची मोजमापे आणि कदाचित एका मुलाचा आवाजही असू शकतो. म्हणूनच आम्ही तिला संहिता म्हणतो.

ही संहिता आता झिजते आहे. फितीवरचा चुंबकीय लेप सुटतो. टेपरेकॉर्डरचे रबरी पट्टे सैल पडतात किंवा विरघळून चिकट लगदा होतात. मूळची शिसे-आम्लाची बॅटरी निकामी झालेली असते. पांढरे प्लास्टिक पिवळे पडते. त्यावर हौशी मंडळींनी २००८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून उजळण्याची कृती शोधली. पण अंग उजळल्याने चाल परत येत नाही.

तिथेच नवी सामग्री प्रवेश करते. २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे 'अर्डुइनो' हा स्वस्त नियंत्रक-फलक तयार झाला. २०१२ साली ब्रिटनमधून 'रास्पबेरी पाय' हा तळहातावर मावणारा संगणक आला. यंत्रमानव उघडून जुना सर्किट बोर्ड काढायचा, मोटरी शक्यतो मूळच्याच ठेवायच्या, आणि त्यांना हा नवा मेंदू जोडायचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. मोटर थेट जोडता येत नाही. चाक अडले की ती नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक विद्युतप्रवाह ओढते आणि नाजूक फलक जळू शकतो; म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर बसवावा लागतो. पुढे स्वनातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा संवेदक लावला की आंधळ्या ऑम्निबॉटला खुर्ची 'दिसू' लागते. कॅमेरा बसवला तर माणसेही ओळखता येतात. १९८४ च्या जाहिरातीने सुचवलेले स्वप्न अशा रीतीने निराळ्याच हातांनी पुरे होते.

मात्र या खटाटोपात टेपरेकॉर्डर बहुधा अडगळ ठरतो. नव्या बॅटरीसाठी जागा हवी असते. फीत काढून टाकली जाते. डोळे येतात आणि आठवण जाते. नवा यंत्रमानव कोणत्याही घरात सुखाने वावरू शकतो; फक्त ज्या घरात तो वाढला, ते त्याला आठवत नाही.

बदलाची दुसरी परंपरा याहून जुनी आहे. १९६० च्या दशकात रीड घझाला या अमेरिकी कलावंताच्या टेबलाच्या खणात एक छोटा ध्वनिवर्धक उघडा पडला होता. त्याचे मंडल धातूला लागले आणि चित्रविचित्र ध्वनी उमटू लागले. त्यातून 'सर्किट बेंडिंग' ही कला निघाली. 'टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स'चे १९७८ चे 'स्पीक अँड स्पेल' हे बोलके खेळणे तिचे आवडते माध्यम ठरले. येथे जुने मंडल काढत नाहीत; त्यातील दोन अनपेक्षित बिंदू जोडून त्याच्याकडूनच नवे काही वदवतात. एक रीत संहिता बाजूला सारून नवी लिहिते, दुसरी त्याच संहितेचे वेगळे वाचन करते. अर्थात वेगळे वाचनही धोक्याचेच : चुकीची जोडणी झाली तर मूळ चिप कायमची मुकी होते.

अशा वेळी कोणता दंडक मानावा? शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असा इशाराही देऊन ठेवला. वास्तुजतनाचा १९६४ चा व्हेनिस जाहीरनामा वेगळ्या वाटेने याच विवेकाकडे येतो : हरवलेल्या भागाच्या जागी नवे घालताना ते एकूण रचनेशी सुसंगत असावे, पण मुळाहून वेगळे ओळखू यावे. खेळण्याच्या बाबतीत याचा अर्थ साधा आहे. आधी फीत ऐकून तिची प्रत करावी. जुना बोर्ड जपून ठेवावा. तारा कापण्याऐवजी जोडणीच्या मूळ जागा वापराव्यात. अंगाला नवे भोक पाडू नये. उद्या दुसऱ्या कोणाला आपली भर काढून टाकता आली पाहिजे.

हा आग्रह केवळ जुन्याच्या प्रेमापोटी नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील एका विद्यार्थिनीने १९९८ सालापासून विकल्या जाणाऱ्या 'फर्बी' या केसाळ खेळण्याला 'चॅटजीपीटी' जोडले आणि ते अस्खलित बोलू लागले. पण ते शब्द खेळण्याच्या पोटात नसतात. दूरच्या संगणकावरून येतात. अशा उसन्या वाणीचे आयुष्य किती, याचा दाखला लगेचच मिळाला. मुलांशी बोलणारा 'मॉक्सी' हा यंत्रमानव २०२० साली जाहीर झाला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने आपण बंद होत असल्याचे कळवले, आणि हा सोबती आता गप्प होणार, हे आईवडिलांना मुलांना समजावून सांगावे लागले. पुढे घरच्या संगणकावरून तो चालवण्याची सोय निघाली खरी, पण ती कंपनीच्या मेहेरबानीवर आणि हौशी मंडळींच्या कष्टांवर.

१९५० च्या दशकातला पत्र्याचा यंत्रमानव किल्ली दिली तर आजही चार पावले टाकतो. ऑम्निबॉटची फीत चाळीस वर्षांनंतरही, नवे पट्टे चढवले तर, अनेकदा वाजते. या दोघांची चाकरी ज्या घरात ते होते त्या घरापुरतीच होती. सगळी वाणी दुसरीकडून घेणाऱ्या खेळण्याचा धनी मात्र घराबाहेर असतो. 'रोबोटा' या शब्दाचा मूळ अर्थ त्याच्याच वाट्याला पुरेपूर आला आहे. तेव्हा जुन्या यंत्रमानवाला डोळे अवश्य द्यावेत. मात्र टेपरेकॉर्डरची जागा सोडून.