एकाच बटाट्यावर अख्खा देश

उपासाला बटाटा चालतो. साबुदाण्याच्या खिचडीत तर तो हवाच! पण गंमत बघा, पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे कुणी बटाटा पाहिलासुद्धा नव्हता. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला.

त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतात. आजच्या पेरू-बोलिव्हियामध्ये, टिटिकाका सरोवराच्या आसपास, लोक हजारो वर्षं बटाटा पिकवताहेत. आणि एक-दोन नाही, हजारो जाती! एकाच शेतात अनेक जाती लावायच्या, म्हणजे थंडीने एक गेली तरी दुसरी हाती लागते. शिवाय बटाटे रात्री गोठवून, दिवसा उन्हात वाळवून वर्षानुवर्षं टिकणारा 'चुन्यो' करून ठेवायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकअपची चोख व्यवस्था.

सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी बटाटा युरोपात नेला. तो नेला मोजक्याच जातींचा. या तुटपुंज्या भांडवलावर पुढे आयर्लंड उभं राहिलं.

तिथली बरीचशी जमीन बड्या जमीनदारांची. कुळांकडे इवलेसे तुकडे. पिकवलेलं धान्य खंड भरण्यात जायचं, म्हणून पोटाला बटाटा. एवढ्याशा जागेत घरादाराचं पोट भरणारं दुसरं पीकच नव्हतं. अंगमेहनतीचा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा! १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या होती सुमारे ८२ लाख. त्यातले साधारण एक तृतीयांश लोक जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत होते, आणि गरिबांच्या शेतात मुख्यतः एकच जात असायची, 'लंपर'. हलक्या जमिनीतही भरघोस येणारी.

आता यातली मेख बघा. बटाट्याची लागवड बियांपासून नाही, तर बटाट्याच्याच फोडींपासून होते. म्हणजे प्रत्येक रोप आधीच्याची कॉपी-पेस्ट! एका लंपरला जो रोग मारेल, तो सगळ्यांना मारेल.

तो १८४५ मध्ये आला. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. आपले शेतकरी याला उशिरा येणारा करपा म्हणतात. पहिल्या वर्षी पिकाचा काही भाग गेला, १८४६ मध्ये जवळपास सगळंच. पानं काळी पडली, जमिनीतले बटाटे सडले.

पण करपा बेल्जियम, नेदरलँड्स, स्कॉटलंडमध्येही पोचला होता. मग दहा लाखांच्या आसपास माणसं आयर्लंडमध्येच का मेली? कारण लोकांकडे दुसरं पीक नव्हतं, आणि दुसरं अन्न विकत घ्यायला पैसे नव्हते. दुष्काळ चालू असताना आयर्लंडच्या बंदरांतून धान्य, लोणी आणि जनावरं इंग्लंडला जातच होती. सरकारने अमेरिकेतून मका मागवला, दुष्काळी कामं काढली. मार्च १८४७ मध्ये सात लाखांहून जास्त उपाशी माणसं त्या कामांवर होती. पण बाजारात फार ढवळाढवळ नको, हा लंडनचा हट्ट काही सुटला नाही.

मदतीची सूत्रं ब्रिटिश अर्थखात्यातल्या चार्ल्स ट्रेव्हेलियनकडे होती. त्याला १८४८ मध्ये या कामाबद्दल 'सर' ही पदवी मिळाली, आणि १८५९ मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर होऊन आपल्याकडे आला!

१८५१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या ६५ लाखांवर आली होती. बाकीचे मेले किंवा बोटीत बसून निघून गेले. आज उत्तर आयर्लंड धरूनही तो आकडा ७० लाखांच्या आसपास आहे. म्हणजे १८४१ चा आकडा अजून गाठलेला नाही.

आज पेरूच्या लिमा शहरात, १९७१ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात, हजारो जाती जपून ठेवल्या आहेत. करपा मात्र गेलेला नाही. आपल्याकडे १९६८ मध्ये आलेली 'कुफरी ज्योती' करप्याला दाद देत नसे, पुढे तिचीही ती ताकद गेली.

या गोष्टीतून 'एकाच पिकावर विसंबू नका' एवढाच धडा घेतला, तर लंपर लावणाऱ्या कुळावर अन्याय होईल. तो मूर्ख नव्हता हो. बॅकअपला जागा लागते, पैसा लागतो. त्याच्याकडे दोन्ही नव्हतं. ज्यांच्याकडे होतं, त्यांच्या बोटी वेळेवर सुटत होत्या.