मॅकिनटॉशची घडी

आई शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळून होती. त्यातले १९ दिवस दवाखान्यात गेले. घरी आणल्यावर एका रात्री मी बिलांची चळत घेऊन बसलो. कोल्हारात माझे शेती अवजारांचे दुकान आहे, त्यामुळे बिल ओळीने वाचायची सवय. औषधांच्या खालोखाल लांब यादी होती ती 'कन्झ्युमेबल्स'ची, आणि तिच्यात एक नग होता 'ट्रान्सफर शीट'. ती मला चांगली आठवत होती. निळी, सुळसुळीत चादर. एक्स-रेला नेताना आईला पलंगावरून ट्रॉलीवर सरकवण्यापुरती वापरली आणि लगेच पिवळ्या पिशवीत टाकली. तिच्यावर रक्ताचा थेंबही नव्हता.

घरी आम्ही दोघे भाऊ आईला कुशीवर वळवायला तिचेच जुने नऊवारी लुगडे चौपदरी करून वापरत होतो. रोज उकळत्या पाण्यात भिजवायचे, धुवायचे, उन्हात टाकायचे. ते शेवटपर्यंत पुरले. दोन्ही कापडांचे काम एकच होते. मग एकाचे आयुष्य दोन मिनिटांचे आणि दुसऱ्याचे कित्येक महिन्यांचे का, या प्रश्नामागे मी गेली तीन वर्षे आहे. मी डॉक्टर नाही, आणि इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही.

रोग्याला उचलण्याच्या कापडाचा इतिहास कुणी लिहीत नाही. शस्त्रक्रियेचा लिहितात, लसींचा लिहितात. आमच्या प्रवराकाठी दवाखाना लांब होता तेव्हा माणूस बाजेवर नेत, नाहीतर घोंगडीच्या झोळीत. बैलगाडी असली तर तळाला उसाचे पाचट आणि वर गोधडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरला अमेरिकन मराठी मिशनने दवाखाना काढला, तो १९३९ साली साल्व्हेशन आर्मीकडे गेला. लोणीला प्रवरा ग्रामीण रुग्णालय झाले ते फार नंतर, साखर कारखान्याने या भागात पैसा आणल्यावर. रोगी गोधडीवर यायचा आणि दवाखान्याच्या चादरीवर जायचा. तिथून पुढचा प्रश्न उरतो तो त्या चादरीचे काय करायचे याचा.

याची दोन उत्तरे एकोणिसाव्या शतकात तयार झाली. पहिले धुण्याचे. क्रिमियन युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ च्या अखेरीस स्कुटारीला पोचल्या, तेव्हा त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांत धुणे होते. एक घर घेऊन तिथे बॉयलर बसवले आणि सैनिकांच्या बायकांना कामावर लावले. दुसरे उत्तर जाळण्याचे, आणि ते आपल्याकडे सरकारी हुकमाने आले. १८९७ च्या प्लेगात, त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याच्या जोरावर, पुण्यात घरे झडती घेऊन रिकामी केली गेली आणि लोकांची अंथरुणे-पांघरुणे रस्त्यावर जाळली गेली. प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे तेव्हा सर्वमान्य नव्हते. फेकून दिले म्हणजे सुरक्षित झाले, ही समजूत त्या होळीइतकी तरी जुनी आहे.

तरी दवाखान्यांनी पुढची कित्येक वर्षे धुण्याचाच मार्ग धरला. आमच्या गल्लीत एक निवृत्त सिस्टर राहतात. त्यांना मी ट्रान्सफर शीटचे विचारले तर त्या हसल्या. "आम्ही ड्रॉ शीटनं ओढायचो पेशंटला. खाली मॅकिनटॉश, वर ड्रॉ शीट. दोघींनी दोन्हीकडून गुंडाळून धरायची आणि एक-दोन-तीन म्हणायचं." मॅकिनटॉश म्हणजे रबर चढवलेले कापड. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिनटॉशने १८२३ मध्ये त्याचे पेटंट घेतले ते पावसाळी कोटासाठी. आपल्या नर्सिंगच्या वर्गात त्याच्या नावाची चादर झाली. सिस्टरांनी मला ती कशी राखायची हे तपशिलाने सांगितले. साबणाने पुसायची, स्वच्छ पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची, पावडर लावायची आणि गुंडाळून ठेवायची. "घडी घालायची नाही हं! घडीवर रबर तडकतं, आणि त्या भेगेत घाण बसते." परीक्षेत यावर गुण असायचे म्हणे.

यावर भाळून जाणे सोपे आहे. पण ती चादर धुणाऱ्याला काय मिळत होते? त्रिंबक नारायण अत्र्यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) परीट बलुतेदारांत येतो: सुगीला धान्य, वर्षभर काम. दवाखान्याचे धुणेही बहुतेक अशाच पिढीजात हातांवर गेले. दगडावर आपटून रक्ता-पुवाचे कापड धुणारा माणूस हातमोजे घालत नव्हता. जुनी काटकसर स्वस्त होती, कारण तिची किंमत दुसरा कुणी मोजत होता.

मग प्लॅस्टिकचे न विणलेले कापड आले, काविळीची आणि १९८० च्या दशकात एड्सची भीती आली, आणि एकदाच वापरायच्या वस्तूंनी कपाटे भरली. सुईच्या बाबतीत ते योग्यच झाले. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात वापरलेल्या सुया-सिरिंजांमधून हिपॅटायटिस बी पसरला आणि माणसे मेली. पण सुई आणि चादर एकाच तागडीत का घालायची? अमेरिकेतल्या अर्ल स्पॉल्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात यावर साधी वाटणी सुचवली होती: जे शरीराच्या आत जाते ते निर्जंतुक हवे, जे आतल्या नाजूक त्वचेला लागते त्यावर उच्च दर्जाची प्रक्रिया हवी, जे फक्त धड कातडीला लागते त्याला नीट धुणे, पुसणे पुरते. उचलायची कापडे तिसऱ्या खान्यात बसतात. ब्रिटनमधल्या धुलाईच्या नियमांत ७१ अंश सेल्सिअसला किमान ३ मिनिटे हा एक मान्य पर्याय आहे. आईचे लुगडे आम्ही याहून जास्त शिजवत होतो.

आपला कायदाही चादर फेका असे म्हणत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले, २०१६ मध्ये नवे झाले. पिवळ्या पिशवीच्या यादीत बाद केलेल्या, रक्ताने किंवा शरीरद्रवाने माखलेल्या चादरी आणि गाद्या आहेत. आईची निळी शीट यातल्या कुठल्याच वर्णनात बसत नव्हती. माझा संशय दुकानदाराचा आहे: धुतलेली चादर खाटेच्या भाड्यात मुरते, नवी चादर बिलावर स्वतंत्र ओळ होते.

गंमत म्हणजे जिथे फेकणे वाढले तिथेच परत वापरण्याचा बाजार उभा राहिला. अमेरिकेत औषध प्रशासनाने २००० साली ठरवले की एकदाच वापरायची वस्तू जो पुन्हा तयार करील, त्याला मूळ कारखानदाराचेच नियम लागू. आज तिथे पायाला गुंडाळायच्या दाबपट्ट्या आणि रोगी सरकवायच्या हवेच्या गाद्या गोळा होतात, धुतल्या जातात, तपासल्या जातात आणि कमी किमतीत परत विकल्या जातात. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार माणूस उचलायच्या झोळीची दर ६ महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी व्हावी लागते: शिवण उसवली का, पट्टा झिजला का, वजनाची चिठ्ठी वाचता येते का. यात नवे काय, तर नोंद. किती धुण्या झाल्या, कुणी तपासले, बाद कधी करायचे. आमच्याकडे ही नोंद सिस्टरांच्या बोटांत होती; त्या निवृत्त झाल्या आणि ती संपली.

लुगड्याची मात्र मी नोंद ठेवली होती, दुकानाच्याच वहीत. पंच्याहत्तराव्या धुण्याला एका काठाजवळ वीण विरली. भावाला दाखवली. आईचे वजन तोवर ३८ किलोवर आले होते, तरी आम्ही तो काठ आत दुमडून मधल्या भागावर जोर घेऊ लागलो. आई गेल्यावर सिस्टरांनी ते मागून नेले, पलीकडच्या आळीत एक म्हातारे पडून होते त्यांच्यासाठी. नेताना त्यांनी ते उजेडात धरून काठापासून काठापर्यंत बोट फिरवले, विरलेल्या जागी थांबल्या, आणि मला सुई-दोरा मागितला.