गिरणीतील शक्ती आणि श्रम

शास्त्रात ‘कार्य’ या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे: बल लावून वस्तू त्या दिशेने सरकली, तरच कार्य. हमाल रुईची गाठ पाठीवर घेऊन तासभर निश्चल उभा राहिला, तर त्याने गाठीवर कार्य शून्य केले! पण त्याच्या अंगातली ऊर्जा खर्च झाली, हेही तेच शास्त्र सांगते. आम्हां कामगार-चळवळीतल्या माणसांना हा दुसरा भाग विसरता येत नाही.

खानदेश कपाशीचा मुलूख. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवीने तिचा भाव चढला, आगगाडी आली, आणि १८७३-७४च्या सुमारास जळगावात वाफेची गिरणी निघाली. पुढे अमळनेर-धुळ्यासही भोंगे वाजू लागले. कोळशातली ऊर्जा वाफेत, वाफेतली दट्ट्यात, तेथून पट्ट्यांवाटे चात्यांत जाई. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. दिवसभर राबणारा माणूस सरासरी ७५च्या आसपास. म्हणजे एका अश्वशक्तीत दहा माणसे!

मग दहा माणसांना विसावा मिळाला काय? फॅरडेने १८३१ साली चुंबकाच्या साह्याने वीज निर्माण केली. त्या विजेचे दिवे १९०५च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत लागले, आणि सूर्य मावळल्यावरही माग चालू राहिले. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना १२, १९३४च्या कायद्याने १० तास ठरले. १९४८च्या कायद्याने आठवडा ४८ तासांचा झाला. हे तास उतरले ते संपांनी, सभांनी आणि कायद्यांनी.