लोंकरीचें प्रेतवस्त्र

राजाचा अंमल माणूस जिवंत असेतोंवर; पुढचा यमाचा, असा आपला समज आहे. परंतु इंग्लंडांत सतराव्या शतकांत पार्लमेंटनें मृताच्या अंगावरील वस्त्रासाठींही कायदा केला होता.

लोंकरीचा धंदा हा त्या देशाचा जुना आधार. लॉर्डांच्या सभेचा अध्यक्ष अजूनही लोंकर भरलेल्या बैठकीवर बसतो. पुढें परदेशचें लिनन, म्हणजे जवसाच्या धाग्याचें कापड, पुष्कळ येऊं लागलें, आणि प्रेतालाही तेंच गुंडाळीत. तेव्हां दुसऱ्या चार्लसच्या कारकीर्दींत, १६६६ सालीं, प्रेताला केवळ लोंकरीचें वस्त्र घालावें असा कायदा झाला. लिननच्या चिंध्यांपासून कागद होई. त्या मातींत जाऊं नयेत, हाही हेतु होता.

लोकांनीं तो फारसा जुमानला नाहीं. म्हणून १६७८ सालीं अधिक कडक कायदा आला. प्रेत लोंकरींतच पुरलें असें शपथपत्र आठ दिवसांत पाद्र्याकडे पोंचलें पाहिजे. नाहींतर पांच पौंड दंड. प्लेगनें मेलेल्यांना तेवढी सूट होती. अश्रु पुसण्याआधीं घरच्यांना शपथेची व्यवस्था पाहावी लागे.

दंडाची निम्मी रक्कम गांवच्या गरिबांना व निम्मी खबर देणाराला मिळे. श्रीमंतांनीं यांतूनच वाट काढली. घरच्याच माणसानें खबर द्यावी, म्हणजे अडीच पौंड घरांत परत! ॲन ओल्डफील्ड ही प्रख्यात नटी १७३० सालीं वारली, तेव्हां तिला तलम लिनन, ब्रुसेल्सची लेस आणि नवे हातमोजे घालून वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें पुरलें. लोंकरीच्या नांवानें नाक मुरडणारी एक मरणोन्मुख स्त्री कवि पोप यानें रंगविली आहे. ती हीच, असें मानतात. गरिबाला मात्र लोंकरीवांचून गति नव्हती.

जी वृत्ति मृतांच्या वस्त्रापर्यंत गेली, ती जिवंतांचें वस्त्र कसें सोडील? लोंकर व रेशीम विणणारांच्या ओरडीमुळें १७०० व १७२१ सालीं कायदे होऊन, हिंदुस्थानांतून येणाऱ्या रंगीत सुती कापडाच्या वापरावर तिकडे बंदी आली. मुक्त व्यापाराचे धडे जगाला देणाऱ्या देशाचा हा पूर्वेतिहास आहे.

प्रेतवस्त्राचा कायदा हळूहळू निर्जीव झाला व १८१४ सालीं रद्द झाला. स्वदेशीचा धंदा राखावा, ही इच्छा रास्तच. परंतु जो नियम पैसे टाकून मोडतां येतो, तो अखेर गरिबापुरताच उरतो, हें या लोंकरीच्या कथेंतून घेण्यासारखें आहे.